विश्लेषण : भांड्यांवर जाणाऱ्या बंजारा भरतकामाला ‘व्हिंटेज’ भाव कसा?

जुनी पेटी उघडायची, आता कोणी घालत नाही ते कपडे बाहेर काढायचे आणि दारावर आलेल्या भांडेवालीकडून त्यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले किंवा प्लास्टिकचा टब घ्यायचा. वाशिम जिल्ह्यातील गावांना हा व्यवहार नवा नाही. त्या गाठोड्यात कधी आजीचा आरसे-कवड्यांचा फेटिया किंवा कांचळीही जाते. तोच नग पुढे महानगरात, गोव्याच्या बाजारात किंवा परदेशी संकेतस्थळावर ‘व्हिंटेज बंजारा’ म्हणून विकला जातो. जुने कपडे शोधून विकत घेण्याची हौस जगभर वाढत असताना या साखळीत तांड्यातील कुटुंबाच्या हाती सर्वांत कमी का पडते आणि पेटीतला नग देण्यापूर्वी काय तपासावे, याविषयी...

‘थ्रिफ्ट’, ‘व्हिंटेज’ आणि ‘अँटिक’ यांत फरक काय?

‘थ्रिफ्ट’ म्हणजे वापरलेली वस्तू स्वस्तात मिळण्याचे ठिकाण. अमेरिकेत ‘गुडविल’ या संस्थेने १९०२ मध्ये बोस्टन शहरात लोकांकडून जुने कपडे गोळा करून, ते दुरुस्त करून विकायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये ‘ऑक्सफॅम’ने १९४०च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डला असेच दुकान उघडले. दोन्हीकडे मूळ हेतू मदतीचा होता. पुढे या दुकानांत गरजूंबरोबर शौकीनही येऊ लागले. जुन्या नेकटायचेच पाहा. ढिगातून टाय उचलणारा शौकीन आधी तिची रुंदी पाहतो, कारण १९४०च्या दशकातील टाय रुंद, १९६०च्या दशकातील अगदी चिंचोळी आणि १९७०च्या दशकातील पुन्हा रुंद असते. मग तो टाय उलटून आतले अस्तर, पाठीमागची हातशिलाई आणि शिंप्याचे किंवा दुकानाचे लेबल पाहतो. ढिगातल्या सगळ्या टायना एकच भाव असतो. पण ज्याला नग वाचता येतो त्याला त्याच भावात मोलाची वस्तू मिळते.

‘व्हिंटेज’ हा शब्द साधारण वीस वर्षांपेक्षा जुन्या, आपल्या काळाची ओळख सांगणाऱ्या वस्तूसाठी वापरतात. ‘अँटिक’ म्हणजे शंभर वर्षांहून जुनी वस्तू. व्हिंटेज ही बाजाराने ठरवलेली संज्ञा आहे, तर शंभर वर्षांच्या मर्यादेला भारतात कायद्याचाही आधार आहे. त्याविषयी पुढे.

आपल्याकडे थ्रिफ्ट दुकान कुठे असते?

आपल्याकडे हे दुकान पायी चालत दारात येते. पुण्या-मुंबईकडे तिला बोहारीण म्हणतात, इतरत्र भांडेवाली. कपड्यांवर भांडी देण्याच्या या व्यवसायात गुजरातमधून आलेल्या देवीपूजक (वाघरी) समाजातील स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. गोळा झालेले कपडे शहरातील घाऊक बाजारात जातात. दिल्लीतील रघुबीर नगरचा पहाटेचा बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे प्रतवारी होते : धुऊन-शिवून पुन्हा वापरता येणारे वेगळे, चिंध्या करून पुसण्यासाठी विकायचे वेगळे आणि जरी, रेशीम किंवा भरतकाम असलेले वेगळे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ल्युसी नॉरिस यांनी या साखळीचा बारकाईने अभ्यास करून २०१० मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. भांड्यांच्या बदल्यात दिलेल्या साड्या शेवटी परदेशी पर्यटकांसाठीचे कपडे आणि घरसजावटीच्या वस्तू होऊन कशा विकल्या जातात, हे त्यात दिसते.

याला समांतर दुसरी साखळी आयात कपड्यांची आहे. वापरलेले कपडे भारतात मुक्तपणे आयात करता येत नाहीत, त्यावर निर्बंध आहेत. परदेशातून येणाऱ्या गठ्ठ्यांची प्रतवारी कांडला येथील विशेष आर्थिक क्षेत्रात होते, तर लोकरीच्या चिंध्यांपासून पुन्हा सूत काढण्याचे मोठे केंद्र पानिपत आहे. टाळेबंदीनंतर इन्स्टाग्रामवर जी ‘थ्रिफ्ट’ खाती वाढली, त्यांवरचा बराचसा माल परदेशी कपड्यांचा किंवा निर्यातीतून उरलेला असतो. बंजारा कपड्यांची गोष्ट वेगळी आहे. हा माल परदेशातून येत नाही, तो आपल्याच तांड्यांतून बाहेर जातो.

बंजारा पोशाखात एवढे काय आहे?

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी असलेले हे क्षेत्र ‘बंजारा समाजाची काशी’ मानले जाते. रामनवमीच्या यात्रेला येथे अनेक राज्यांतून भाविक येतात आणि त्या गर्दीत पारंपरिक पोशाखातील ज्येष्ठ स्त्रिया आजही दिसतात. घेरदार घागरा म्हणजे फेटिया, पाठीवर बंदांनी बांधायची चोळी म्हणजे कांचळी आणि डोक्यावरून घ्यायची ओढणी, हे या पोशाखाचे मुख्य भाग. याशिवाय पैसे व सुपारी ठेवायची कोथळी, हंड्याखालची भरतकाम केलेली चुंबळ आणि बैलांच्या झुली हेही त्याच हातांचे काम.

या भरतकामाची ओळख भूमितीत आहे. जाड सुती कापडावर धागे मोजून घातलेले टाके, चौकोन, त्रिकोण, तिरप्या रेषा, त्यांच्यामध्ये आरसे आणि कडेला कवड्या, मणी, लोकरीचे गोंडे, नाणी. टाके इतके दाट असतात की अनेकदा खालचे कापड दिसतच नाही. त्यामुळे कापडाला गोधडीसारखी ताकद येते. लमाण म्हणून बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहत फिरणाऱ्या समाजाला असेच टिकाऊ कापड हवे होते. हे काम विकण्यासाठी नव्हते. आई मुलीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे थोडे थोडे भरत असे. त्यामुळे एकसारखे दोन नग सापडणे कठीण. संग्राहक नेमके यासाठीच पैसे मोजतात.

कॅनडातील व्हँकुव्हर येथील शार्लट क्वान आणि टिम मॅक्लॉक्लिन यांचे बंजारा वस्त्रांवरील सचित्र पुस्तक २०१६ मध्ये लंडनच्या प्रकाशनाने काढले. परदेशातील संग्राहकांना या कामाची किती ओढ आहे, याची त्यावरून कल्पना यावी.

मग हा पोशाख पेटीत का गेला?

पहिले कारण व्यवसाय बुडाल्याचे. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. बैलांवरची मालवाहतूक मागे पडली आणि फिरते तांडे स्थिरावू लागले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समूहांवर संशयाचा शिक्का मारला. बंजाऱ्यांचे गटही त्यात ओढले गेले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात समाजाची नोंद आजही विमुक्त जातींमध्ये आहे. ज्या पोशाखावरून दुरूनच ओळख पटते, तो शहरात, शाळेत किंवा कार्यालयात घालणे नकोसे वाटू लागले, यात आश्चर्य नाही.

दुसरे कारण रोजच्या जगण्याचे. ऊसतोडीला, बांधकामावर किंवा शेतमजुरीला जाणाऱ्या बाईला काही किलो वजनाचा फेटिया आणि कोपरापर्यंतच्या बांगड्या घालून काम करणे अवघड. साडी स्वस्त, हलकी आणि लवकर वाळणारी. एक कांचळी भरायला लागणारे महिने आता मजुरीत मोजले जातात. त्यामुळे नवे भरतकाम थांबत गेले आणि जुने पेटीत राहिले. ज्या आजीने ते घातले ती गेली की घरात त्याचा अर्थ सांगणारे कोणी उरत नाही. पेटी रिकामी होते ती बहुधा याच टप्प्यावर.

बाजारात त्याचे पुढे काय होते?

एका फेटियाचे तीन शेवट संभवतात. पहिला, तो अखंड राहून संग्राहकाकडे किंवा संग्रहालयात जातो. भाव सर्वांत जास्त इथेच मिळतो, पण फार थोडे नग इथवर पोहोचतात. दुसरा, तो कापला जातो. भरतकामाचे चौकोन वेगळे काढून त्यांच्या पिशव्या, जॅकेट, उशांचे अभ्रे, पट्टे होतात. दिल्लीतील जनपथ, अहमदाबादचे लॉ गार्डन, गोव्यातील हणजूणचा बुधवारचा बाजार अशा ठिकाणी ठिगळकामाच्या ज्या पिशव्या दिसतात, त्यांत असे जुने तुकडे असतात. विक्रेत्याला एका फेटियातून अनेक वस्तू मिळतात. मात्र मूळ नग कायमचा संपतो. तिसरा, आरसे, कवड्या आणि नाणी उसवून घेतली जातात आणि कापड चिंधीत जाते.

प्रत्येक टप्प्यावर भाव वाढतो, कारण प्रत्येक टप्प्यावर माहिती वाढते. दारावरच्या बाईला तो कपडा एवढेच कळते, घाऊक बाजाराला तो भरतकामाचा वाटतो, दुकानदार त्याला बंजारा म्हणतो आणि संकेतस्थळावरचा विक्रेता त्याला प्रदेश आणि दशक जोडतो. भांडेवालीही यात फसवणूक करते असे नाही. तिलाही पुढची किंमत बहुधा ठाऊक नसते. गंमत अशी की, जी माहिती शेवटी सर्वांत महाग विकली जाते ती सर्वांत आधी तांड्यातील घरातच होती : कोणी भरले, कोणाच्या लग्नात, कोणत्या तांड्यात. ती कपड्याबरोबर गेली नाही, म्हणून पुढच्या विक्रेत्याला अंदाजाने लिहावी लागते.

जुना नग कसा ओळखायचा?

विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला, दोघांनाही उपयोगी पडतील अशा काही खुणा आहेत.

उलटी बाजू : आधी नग उलटा करा. हातकामात गाठी, धाग्यांच्या उड्या, मध्येच बदललेला रंग दिसतो. यंत्राच्या भरतकामात मागे एकाच रंगाचा, बहुतेक पांढरा, एकसारखा धागा असतो. कापडाचे तुकडे यंत्रावर जोडले असतील तर मात्र नग लगेच नवा ठरत नाही. शिलाई यंत्र आपल्याकडे येऊन शतक उलटले आहे.

आरसे : जुने आरसे फुगवलेल्या काचेच्या गोळ्यातून कापलेले असत. म्हणून ते किंचित फुगीर, कडेला वेडेवाकडे, करडसर आणि कधी बुडबुडे असलेले दिसतात. नवे सपाट, अगदी गोल आणि चकचकीत असतात, काही वेळा प्लास्टिकचेच. मात्र जुन्या कपड्यावर पडलेल्या आरशाच्या जागी नवा बसवलेला असू शकतो, म्हणून एका आरशावरून निकाल देऊ नका.

धागा : सुटलेला एखादा धागा जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते. पॉलिएस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी बनते. असा धागा मूळ भरतकामात असेल, तर नग अलीकडच्या दशकांतला.

रंग : लाल-निळा रंग म्हणजे मंजिष्ठा आणि नीळ, असे विक्रेते सांगतात. पण मंजिष्ठेतील रंगद्रव्य प्रयोगशाळेत १८६९ पर्यंत तयार झाले होते आणि कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आली. त्यामुळे रंगावरून वय ठरत नाही.

नाणी : हा सर्वांत सोपा पुरावा. नाण्यावर साल असते. कपडा त्याच्यावरील सर्वांत नव्या नाण्यापेक्षा जुना असू शकत नाही, नाणे नंतर लावले असेल तरच अपवाद. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला. दशमान पद्धत १९५७ मध्ये आली आणि पुढे काही वर्षे नाण्यांवर ‘नये पैसे’ असे लिहिलेले असे. उलट जुने नाणे म्हणजे जुना कपडा असेही नाही. आजीचे नाणे नातीच्या कांचळीवर लागत आले आहे.

झीज : खरी झीज कमरेच्या नाडीजवळ, काखेत आणि घेराच्या कडेला असते. सगळीकडे सारखाच चहाच्या पाण्यासारखा पिवळेपणा असेल तर तो मुद्दाम आणलेला असण्याची शक्यता अधिक.

शैली : मोर, फुले, वळणदार वेली प्रामुख्याने असतील तर तो नग बहुधा कच्छ-सौराष्ट्राकडचा. बाजारात आरसे असलेल्या कोणत्याही कपड्याला ‘बंजारा’ म्हणण्याची सवय आहे.

कायदा काय सांगतो?

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा आहे. शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कारागिरीची वस्तू त्यात ‘पुरावस्तू’ ठरू शकते. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. बहुतेक बंजारा कपडे शंभर वर्षांच्या आतले आहेत, त्यांना ही अट लागू नाही. पण पणजीच्याही आधीचा नग असल्याचे सांगून कोणी परदेशी पाठवायला मागत असेल, तर हा प्रश्न आधी विचारायला हवा.

दागिन्यांबाबत अधिक सावध राहावे लागते. पूर्वी या समाजातील स्त्रियांच्या बांगड्या हस्तिदंताच्याही असत. वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनुसार हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. पेटीत अशी बांगडी असेल तर ती विकणे किंवा विकत घेणे गुन्हा ठरतो. दिसायला सारख्या असणाऱ्या हाडाच्या किंवा प्लास्टिकच्या बांगड्यांत आणि हस्तिदंतात फरक आहे. जाणकाराकडून खात्री करून घेतलेली बरी.

चांदीचे गणित मात्र सरळ आहे. राणी व्हिक्टोरियापासून १९३९ पर्यंतच्या चांदीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात सुमारे ९२ टक्के चांदी, म्हणजे जवळपास १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० ते १९४५ च्या रुपयात हे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ चा रुपया निकेलचा होता. कपड्यावर असे चार जुने रुपये असले तरी चाळीस ग्रॅमहून अधिक चांदी होते. नकली नाणीही लावलेली असतात, म्हणून सराफाकडून तपासून घ्यावे. पण तपासण्याआधी तो कपडा पातेल्यावर देऊ नये, एवढे नक्की.

विकायचे की ठेवायचे?

हा निर्णय त्या कुटुंबाचा आहे. दवाखान्याचा किंवा शिक्षणाचा खर्च समोर असेल, तर पेटीतला फेटिया विकण्यात चूक काहीच नाही. मात्र माहितीशिवाय विकला तर तोटा होतो. विकण्यापूर्वी तीन गोष्टी करता येतील. एक, दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढणे. दोन, कोणी भरला, कोणाचा होता, कोणता तांडा, साधारण कोणते वर्ष, हे कागदावर लिहून फोटोसोबत ठेवणे. घरातील ज्येष्ठ बाई गोरबोलीत सांगत असेल तर मोबाइलवर आवाज नोंदवणे त्याहून चांगले. तीन, एकाच माणसाला न दाखवता दोन-तीन ठिकाणी भाव विचारणे आणि आरसे किंवा नाणी न काढता अखंड नगच दाखवणे.

ठेवायचा असेल तर काळजी साधी आहे. धुण्याच्या यंत्रात टाकू नये. ओले पांढरे सुती कापड कोपऱ्यावर टेकवून पाहावे; रंग लागला तर घरी पाणीही लावू नये. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, म्हणून जुन्या धुतलेल्या सुती साडीत गुंडाळावे. नाण्यांचा गंज कापड खातो, त्यामुळे घड्यांमध्ये मलमलचा तुकडा घालावा. वर्षातून दोनदा सावलीत उघडून घडी बदलावी. कडुनिंबाचा वाळलेला पाला पेटीत चालतो, डांबराच्या गोळ्या मात्र कपड्याला थेट लागू देऊ नयेत.

पोहरादेवीतून काय होऊ शकते?

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगारा वास्तुसंग्रहालय म्हणूनही ते ओळखले जाते. समाजाचा इतिहास एका जागी पाहता येण्याची सोय त्यातून झाली आहे. पण जुन्या कपड्यांचा प्रश्न दालनांपुरता नाही. यात्रेला येणाऱ्या कुटुंबांच्या पेट्यांतील नगांची फोटोसह नोंद करणे, ज्येष्ठ स्त्रियांकडून टाक्यांची नावे लिहून घेणे आणि विकू पाहणाऱ्याला योग्य मूल्य सांगणारी खिडकी असणे, ही कामे अशा केंद्राला शोभणारी आहेत. संग्रहालयात नग घ्यायलाच हवा असे नाही. त्याची नोंद झाली तरी तो बेनामी राहत नाही.

नव्या कामाचे उदाहरण शेजारी कर्नाटकात आहे. बल्लारी भागातील संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेथील कुशल कला केंद्राशी जोडलेल्या साडेचारशेहून अधिक स्त्रियांनी केलेल्या १,७५५ वस्तू जुलै २०२३ मध्ये हंपी येथील ‘जी-२०’ संस्कृती बैठकीच्या वेळी मांडल्या गेल्या आणि त्या प्रदर्शनाची गिनीज विक्रमात नोंद झाली. तिथे स्त्रिया भरतकामाची मजुरी घेतात, म्हणजे कौशल्याचे पैसे हयातीतच हाती पडतात. वाशिमच्या तांड्यांत ज्या हातांना अजून टाके आठवतात, त्यांच्यासाठीही हा मार्ग खुला आहे. मात्र नव्या कामाला नमुना लागतो, आणि तो नमुना आज पेटीत आहे. दारावर भांडी वाजण्याआधी तो एकदा उलटून पाहिला, फोटो काढला आणि भरणारीचे नाव लिहून ठेवले, तर पुढे तो विकला गेला तरी ते नाव आणि तो नमुना घरातच राहील.